तिकीट एकाचं, वैमानिक दुसऱ्याचा, विमान तिसऱ्याचं

मे 2025 मध्ये तुर्कस्तानने उघडपणे पाकिस्तानची बाजू घेतली आणि आपल्याकडे बहिष्काराच्या घोषणा सुरू झाल्या. विमानतळांवर सामान हाताळणाऱ्या सेलेबी या तुर्की कंपनीची सुरक्षा मंजुरी 15 मे रोजी रद्द झाली. त्याच गदारोळात अनेकांना पहिल्यांदाच एक गोष्ट कळली. दिल्ली आणि मुंबईहून इस्तंबूलला जाणारी इंडिगोची मोठी विमानं इंडिगोची नव्हतीच. ती होती टर्किश एअरलाइन्सची, आणि ती चालवत होते तुर्की वैमानिक.

‘तिकीट भारतीय कंपनीचं काढलं आणि विमान तुर्की निघालं, ही फसवणूक नाही का?’ असा प्रश्न त्या दिवसांत बराच फिरला. सरकारने तेव्हा इंडिगोला ही विमानं परत करायला 31 ऑगस्ट 2025 पर्यंतची, ‘शेवटची’ म्हणून, तीन महिन्यांची मुदत दिली. ती मुदत पुढे वाढलीच. इतका राजकीय दबाव असतानाही ती विमानं लगेच परत का पाठवता आली नाहीत, हे समजायचं तर विमानांच्या भाड्याचा धंदा समजून घ्यावा लागतो. या धंद्यात अशा छोट्या कंपन्या आहेत ज्यांचं नाव प्रवाशाच्या कानावर आयुष्यभर पडत नाही, पण ज्यांच्या विमानातून तो कधीतरी प्रवास करून आलेला असतो.

शिवशाहीचं उदाहरण घेऊ

एसटीच्या ताफ्यात शिवशाही बस आल्या, तेव्हा त्यातल्या बऱ्याच भाडेतत्त्वावर होत्या. बस खासगी कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा, देखभाल त्याची. वाहक मात्र एसटीचा, तिकीट एसटीचं, बसवर नाव एसटीचं. प्रवाशाच्या लेखी ती एसटीच.

विमानात या व्यवस्थेला डॅम्प लीज म्हणतात. विमान, वैमानिक, देखभाल आणि विमा भाड्याने देणाऱ्याचा. आतला केबिन क्रू, सगळा किंवा काही, भाड्याने घेणाऱ्याचा. इंडिगोचा टर्किशशी झालेला करार हाच. केबिन क्रूसुद्धा देणाऱ्याचाच असेल तर ते वेट लीज. आणि नुसतं विमान घेतलं, वैमानिकांपासून मेकॅनिकपर्यंत बाकी सगळं आपलं, तर ते ड्राय लीज. ड्राय लीज वर्षानुवर्षांसाठी असतं. वेट आणि डॅम्प लीज काही आठवड्यांपासून वर्ष-दोन वर्षांपर्यंत, म्हणजे मुख्यतः अडचणीची सोय.

चौथा शब्द चार्टर. यात पूर्ण विमानच एका गिऱ्हाइकासाठी ठरवलं जातं. गिऱ्हाईक सहल कंपनी असेल, यात्रा समिती असेल, सैन्य असेल किंवा निवडणुकीतला पक्ष. चार्टर कंपनी वेळापत्रक छापून एकेक तिकीट विकत नाही. तिच्याकडे भारतात नॉन-शेड्यूल्ड, म्हणजे वेळापत्रकाशिवाय उडण्याचा, परवाना असतो. व्यवहारात चार्टर आणि वेट लीज हे धंदे एकाच छपराखाली चालतात. विमान आणि माणसं तीच. आज सहल कंपनीला दिली, उद्या दुसऱ्या एअरलाइनला.

मालक वेगळा, चालक वेगळा

सगळा घोळ होतो तो ‘विमान कोणाचं’ या प्रश्नाला एकच उत्तर असेल असं आपण धरून चालतो म्हणून. इंडिगोचंच दुसरं उदाहरण बघा. जुलै 2025 मध्ये तिने मुंबईहून मँचेस्टर आणि ॲम्स्टरडॅमच्या फेऱ्या सुरू केल्या, त्या बोइंग 787 विमानांनी. ही विमानं घेतली नॉर्स अटलांटिक या नॉर्वेच्या कंपनीकडून, डॅम्प लीजवर. पण नॉर्सही त्यांची मालक नाही. तिने ती एअरकॅपसारख्या लीजिंग कंपन्यांकडून दीर्घ मुदतीच्या भाड्याने घेतलेली आहेत. म्हणजे मालक एक, त्याच्याकडून घेणारी नॉर्स, नॉर्सकडून घेणारी इंडिगो आणि शेवटी तिकीट काढणारे तुम्ही.

या साखळीत सुरक्षेच्या दृष्टीने एकच कडी महत्त्वाची: उड्डाण कोणाच्या परवान्यावर होतंय. प्रत्येक एअरलाइनला तिच्या देशातलं नियामक खातं एअर ऑपरेटर सर्टिफिकेट देतं. सोयीसाठी याला चालक परवाना म्हणू. वैमानिकांचं प्रशिक्षण, त्यांचे कामाचे तास, विमानाची तपासणी, इंजिनाच्या नोंदी, हे सगळं या परवान्याखाली येतं. वेट किंवा डॅम्प लीजमध्ये विमान देणाऱ्याच्या परवान्यावर उडतं. नॉर्सच्या विमानात वैमानिकाने किती तास काम करायचं हे भारताचं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, ठरवत नाही; ते युरोपातले नियम ठरवतात. डीजीसीएच्या हातात उरतं ते परवानगी देणं, मुदत घालणं, विमान इथे उतरल्यावर त्याची तपासणी करणं आणि नको वाटलं तर थांबवणं. म्हणूनच परदेशी वेट लीजला आपल्याकडे खास परवानगी लागते आणि ती मोजक्या महिन्यांचीच मिळते. ड्राय लीजमध्ये उलट असतं. विमानाची मालकी आयर्लंडमधल्या कंपनीकडे असली, तरी ते भारतात नोंदलेलं, भारतीय परवान्यावर, डीजीसीएच्या नजरेखाली उडतं.

हे ओळखायला कागदपत्रं लागत नाहीत. विमानाच्या मागच्या भागावर, शेपटीजवळ, नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो. सुरुवातीची अक्षरं व्हीटी असतील तर नोंदणी भारतातली, टीसी असतील तर तुर्कस्तानातली, एलएन असतील तर नॉर्वेतली. विमानावर नाव कोणाचंही असो, ही अक्षरं बोर्डिंग गेटच्या काचेतूनही दिसतात.

दुसऱ्याच्या अडचणीवर चालणारा धंदा

वेट लीज देणाऱ्या कंपनीची कमाई तिकिटांतून होत नाही, उड्डाणाच्या तासांतून होते. करारात दर तासाचा भाव आणि महिन्याला किमान किती तासांचे पैसे द्यायचेच, हे ठरतं. त्यात विमान, माणसं, देखभाल आणि विमा आला. इंधन, विमानतळाचं शुल्क, प्रवाशांचं जेवण, विक्री हे सगळं घेणाऱ्याकडे. विमान रिकामं गेलं तरी तोटा घेणाऱ्याचा. ऐकायला हा धंदा फार सुरक्षित वाटतो.

अडचण अशी की किमान तासांची हमी करार असेपर्यंतच. करार संपला की विमान उभं राहतं आणि मालकाचं भाडं, वैमानिकांचे पगार, विम्याचे हप्ते चालूच राहतात. त्यामुळे या कंपन्यांचं सगळं कौशल्य एकच: वर्षभर विमानाला कुठेतरी काम शोधत राहणं. युरोपात उन्हाळ्यात सुट्टीच्या सहलींसाठी विमानं कमी पडतात आणि हिवाळ्यात तीच धूळ खात पडतात. हजच्या काळात जेद्दाहला लाखो माणसं काही आठवड्यांत न्यायची आणि परत आणायची असतात, आणि एवढ्यासाठी कुठलीही एअरलाइन वर्षभर जास्तीची विमानं पोसत नाही. चांद्र पंचांगामुळे हज दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येतं, म्हणून त्याचं युरोपच्या हंगामाशी कधी जुळतं, कधी नाही. कुठे इंजिनात दोष निघाला, कुठे संप झाला, कुठे नवीन विमान वेळेवर आलं नाही, की या कंपन्यांचे फोन खणखणू लागतात.

आइसलँडची एअर अटलांटा हे यातलं सर्वांत गमतीदार उदाहरण. अर्नग्रिमुर योहानसन हा वैमानिक आणि त्याची पत्नी थोरा गुडमुंड्सडोटिर यांनी 1986 मध्ये ही कंपनी काढली. एखाद्या मध्यम भारतीय शहराहूनही लोकसंख्या कमी असलेल्या या देशातली ही कंपनी पुढे जंबो जेट उडवू लागली, आणि ती विमानं वर्षानुवर्षं सौदीसह परक्या देशांच्या नावाने फिरत राहिली. आइसलँडला ती फारशी जातच नसत, तिथे एवढे प्रवासी आणायचे कुठून? तिथल्या वैमानिकांना मात्र काम मिळालं. छोट्या देशांनी या धंद्यात नाव कमावलं याचं कारण हेच. घरची बाजारपेठ नाही म्हणून दुसऱ्याची सांभाळायची.

मोठ्या प्रमाणावरचं ड्राय लीज आयर्लंडमध्ये वाढलं तेही अशाच एका जास्तीच्या विमानातून. टोनी रायन हा आयर्लंडच्या एअर लिंगस या एअरलाइनचा नोकर. कंपनीचं वापराविना पडलेलं जंबो त्याने थायलंडच्या एअर सियामला भाड्याने लावून दिलं, आणि 1975 मध्ये शॅननला गिनेस पीट एव्हिएशन ही लीजिंग कंपनी काढली. आजही जगातल्या भाड्याच्या विमानांचे कागद मोठ्या प्रमाणात आयर्लंडमध्येच असतात. रायनएअर सुरू करणारा तो हाच रायन, पण ती गोष्ट वेगळी.

नेशनएअर: 1984 ते 1993

या धंद्याची ताकद आणि धोका एकाच कंपनीत बघायचा असेल तर नेशनएअर बघावी. रॉबर्ट ओबाडिया या उद्योजकाने 1984 मध्ये मॉन्ट्रियलला ती सुरू केली. मुक्काम मिराबेल विमानतळ. मोठ्या कंपन्यांनी वापरून सोडलेली डीसी-8 विमानं स्वस्तात घ्यायची, थंडीने गारठलेल्या कॅनेडियन माणसांना दक्षिणेच्या समुद्रकिनाऱ्यांवर आणि उन्हाळ्यात युरोपात न्यायचं, आणि मधल्या काळात विमानं जगात जिथे मागणी असेल तिथे द्यायची. काही वर्षांत ताफ्यात बोइंग 747 आणि 757 आली. तिकिटं स्वस्त होती, त्यामुळे प्रवासी भरपूर होते. उशिराबद्दलच्या तक्रारीही भरपूर होत्या.

1991 च्या हजसाठी नेशनएअरचं एक डीसी-8 नायजेरियाच्या यात्रेकरूंसाठी जेद्दाहला होतं. फ्लाइट क्रमांक नायजेरिया एअरवेजचा, 2120. विमान कॅनडात नोंदलेलं, 14 कर्मचारी नेशनएअरचे. प्रवासी 247, हज करून सोकोटोला, म्हणजे घरी, निघालेले.

7 जुलैला मेकॅनिकांच्या लक्षात आलं की काही चाकांमधला दाब कमी आहे. विमानाच्या टायरमध्ये साधी हवा नाही, नायट्रोजन भरतात. तो हाताशी नव्हता. विमान आधीच वेळापत्रकाच्या मागे पडलं होतं. जागेवर असलेला कंपनीचा प्रोजेक्ट मॅनेजर, ज्याचं काम करार पार पाडणं हे होतं, त्याने विमान आहे तसंच जाऊ द्यायचं ठरवलं. नंतरच्या चौकशीत टायरच्या दाबाचे नोंदवलेले आकडे बदललेले आढळले.

11 जुलैला सकाळी साडेआठच्या सुमाराला विमान धावपट्टीकडे निघालं. जेद्दाहचा जुलै, भरलेलं विमान, लांबचं टॅक्सिंग, म्हणजे धावपट्टीपर्यंत जमिनीवरून चालत जाणं. एकाच कण्यावर शेजारी-शेजारी असलेल्या दोन टायरपैकी एकात दाब कमी असला की त्याच्या वाट्याचा भार दुसऱ्यावर जातो. दोन्ही तापतात. धावपट्टीवर वेग घेताना आधी जास्त भार घेणारा टायर फुटला, मग शेजारचा गेला. चाक फिरायचं थांबलं आणि धावपट्टीवर घासत राहिलं. त्यातून आग लागली. कॉकपिटमध्ये विचित्र आवाज ऐकू आला, टायर गेला असावा अशी शंकाही आली, पण चाकांच्या कप्प्यात आग कळवणारा इशारा त्या विमानात नव्हता. विमान उडालं आणि नेहमीप्रमाणे चाकं आत घेतली गेली. जळतं चाक विमानाच्या पोटात गेलं, जिथून हायड्रॉलिकच्या नळ्या जातात आणि जवळच इंधन असतं. जेमतेम दहा मिनिटांत, परत उतरण्याच्या प्रयत्नात, धावपट्टीच्या तीनेक किलोमीटर अलीकडे विमान कोसळलं. 261 पैकी कोणीही वाचलं नाही.

या अपघातातला एक तपशील माझ्या मनातून जात नाही. संकटात सापडल्यावर वैमानिकांनी टॉवरशी बोलताना आपलं नाव ‘नायजेरिया 2120’ असं न सांगता ‘नेशनएअर कॅनडा 2120’ असं सांगितलं. त्याच वेळी सौदी अरेबियाचं एक विमान केबिनमधल्या दाबाच्या तक्रारीमुळे परतत होतं. कंट्रोलरचा घोळ झाला, आणि काही मिनिटं तो ह्या विमानाला ते विमान समजत राहिला. अपघात त्यामुळे झाला नाही, निकालही बदलला नसता. पण उधारीच्या नावाने उडणं म्हणजे काय, हे मला कुठल्याही करारापेक्षा त्या दोन शब्दांनी जास्त नीट सांगितलं.

त्यानंतर नेशनएअर फार टिकली नाही. 1991 च्या नोव्हेंबरात तिने कर्मचाऱ्यांशी झालेल्या वादात केबिन कर्मचाऱ्यांना कामावर घ्यायचंच थांबवलं. टाळेबंदी पंधरा महिने चालली. कर्ज डोक्यावर गेलं आणि 1993 मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली.

म्हणजे भाड्याची विमानं धोक्याचीच?

नाही, आणि हे ठामपणे म्हणायला हवं. नेशनएअरच्या अपघाताचं कारण वेट लीज नव्हतं. देखभालीच्या निर्णयावर व्यापारी माणसाचा हात पडला, हे होतं. असं स्वतःच्या विमानांबाबतही घडतं. टर्किश एअरलाइन्स ही कोणाचीही गरज भागवणारी फुटकळ कंपनी नाही. जगातल्या सर्वांत जास्त देशांना जोडणारी एअरलाइन म्हणून ती मिरवते. तिचे वैमानिक आणि तिची विमानं तिच्या स्वतःच्या प्रवाशांनाही नेतातच.

तरीही ‘काही फरक नाही’ असं म्हणणं सोपेपणाचं होईल. फरक आहे, आणि तो दोन ठिकाणी दिसतो. पहिलं, मुख्यालय दूर असतं. जेद्दाहला त्या दिवशी नेशनएअरची देखभाल मिराबेलहून चालत नव्हती, काही मोजकी माणसं, मोजकी साधनं आणि वर एक करार, एवढंच होतं. दुसरं, लक्ष ठेवणारा कोण याबाबत जबाबदारी विभागली जाते. विमान एका देशात नोंदलेलं, उडतंय दुसऱ्या देशासाठी, तिसऱ्या देशाच्या आकाशात. तिघेही नियामक कागदावर हजर असतात, प्रत्यक्षात विमानाशेजारी कोणीच नसतं, असं होऊ शकतं. यावर उपाय म्हणून शिकागो करारात, म्हणजे आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या मूळ करारात, 83 बिस हे कलम घातलं गेलं. त्यानुसार नोंदणी करणारा देश देखरेखीची जबाबदारी विमान चालवणाऱ्याच्या देशाकडे लेखी सोपवू शकतो. लांब मुदतीच्या ड्राय लीजमध्ये त्याचा चांगला उपयोग होतो. वेट लीजमध्ये मुळात चालवणारा आणि नोंदणी बहुधा एकाच देशातले असतात, त्यामुळे प्रश्न उरतो तो घेणाऱ्या देशाने किती बारकाईने बघायचं एवढाच.

हजच्या वाटेवर याआधीही असं एक विमान गेलं होतं. 15 नोव्हेंबर 1978 ला जेद्दाहहून इंडोनेशियाचे यात्रेकरू घेऊन निघालेलं आइसलँडच्या कंपनीचं डीसी-8 कोलंबोजवळ उतरताना पडलं. 183 माणसं गेली. ते गरुडा या इंडोनेशियन एअरलाइनसाठी उडत होतं.

आपल्याकडे हे नवीन नाही

1992 च्या डिसेंबरात इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी संप केला. सरकारने फेऱ्या चालू ठेवायला परदेशातून विमानं मागवली, वैमानिकांसकट. त्यातलं एक होतं उझबेकिस्तान एअरवेजचं तुपोलेव टीयू-154. 9 जानेवारी 1993 ला पहाटे ते हैदराबादहून दिल्लीला आलं. धुकं दाट होतं. उतरताना विमान धावपट्टीवरून चुकलं, मोडलं, उलटं झालं आणि पेटलं. आतल्या 165 जणांपैकी कोणीही दगावलं नाही. हा अपघात आज कोणाला फारसा आठवत नाही, कदाचित कोणी गेलं नाही म्हणूनच. तिकिटावर आणि बातम्यांत नाव होतं इंडियन एअरलाइन्सचं.

त्याच वर्षी मोदीलुफ्त सुरू झाली. लुफ्तान्साच्या भागीदारीत, लुफ्तान्साकडून भाड्याने घेतलेल्या बोइंग 737 विमानांवर. सेवा चांगली होती, जुन्या प्रवाशांना तिचं अजून कौतुक आहे. पण भाडेकराराच्या पैशांवरून भागीदारांत वाजलं, लुफ्तान्साने विमानं काढून घेतली आणि 1996 मध्ये कंपनी जमिनीवर आली. विमान नाही, पैसे नाहीत. उरली ती कागदावरची कंपनी. ती रॉयल एअरवेज झाली आणि मे 2005 मध्ये तीच स्पाइसजेट या नावाने उडाली. विमान कोणीही भाड्याने देईल, उडायचा परवाना मिळवायला मात्र वर्षं जातात. म्हणून पडीक एअरलाइनलाही गिऱ्हाईक मिळतं.

एवढी मोठी कंपनी, स्वतःची विमानं का घेत नाही?

घेते की. इंडिगोने शेकडो विमानांची मागणी नोंदवलेली आहे. प्रश्न मिळण्याचा आहे. एअरबस आणि बोइंग, लांब पल्ल्याची मोठी विमानं बनवणारे दोघेच, आणि दोघांच्याही रांगा कित्येक वर्षांच्या. त्यात जुलै 2023 मध्ये प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांमधल्या धातूच्या भुकटीत दोष असल्याचं जाहीर झालं. इंजिनं उतरवून तपासायला पाठवावी लागली आणि इंडिगोची सत्तरेक विमानं एकाच वेळी उभी होती. प्रवासी तर वाढतच होते. अशा वेळी महाग पडलं तरी तयार विमान, तयार वैमानिकांसह मिळणं ही मोठी गोष्ट असते.

दुसरं कारण चाचपणीचं. इंडिगोचा सगळा अनुभव छोट्या विमानांचा. मुंबईहून युरोप चालतं का, किती प्रवासी बसतात, हे आपली मोठी विमानं यायच्या आत कळलं तर बरंच. नॉर्सची विमानं म्हणजे तालमीचा आखाडा. नॉर्सच्या बाजूने बघितलं तर गोष्ट आणखी रंजक होते. 2022 मध्ये ती ओस्लोहून न्यूयॉर्कला स्वस्त तिकिटं विकायला उतरली होती. त्या मार्गावर हिवाळ्यात विमानं भरत नाहीत. शेवटी तिने बारापैकी सहा 787 विमानं इंडिगोला लावून दिली. तिकिटं विकण्यापेक्षा तास विकणं तिला परवडलं.

इस्तंबूलच्या विमानांचा निर्णय लांबला त्याचं उत्तरही इथेच आहे. पाचशेहून जास्त आसनांची दोन विमानं एका रात्रीत परत केली तर त्या जागेवर ठेवायला इंडिगोकडे तेवढं मोठं, तेवढ्या लांब जाणारं काहीच नव्हतं, आणि पुढच्या कित्येक महिन्यांची तिकिटं विकून झाली होती. सरकारने देशाभिमान आणि प्रवासी यांच्यातून मधला रस्ता काढला. तो बरोबर होता की नाही यावर वाद घालता येईल, पण तो अज्ञानातून आलेला नव्हता.

मालकाचं भाडं थकलं तर?

आतापर्यंत बोललो ते वेट लीजबद्दल. पण भारतातली बहुतेक विमानं ड्राय लीजवरच आहेत, आणि तिथला मोठा झटका आपण 2023 मध्ये पाहिला. 2 मे रोजी गो फर्स्ट या भारतीय एअरलाइनने स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला. आठवडाभरात तो मंजूर झाला आणि कायद्याने कंपनीच्या ताब्यातल्या सगळ्या गोष्टींना संरक्षण मिळालं. त्यात भाड्याची विमानंही आली. मालक परदेशात, विमानं दिल्ली-मुंबईच्या विमानतळांवर उभी, आणि ती घेऊन जायची सोय नाही. उभं विमान रोज खराब होतं. इंजिनं झाकून, नियमाने फिरवून ठेवावी लागतात. आपल्याच विमानाची साधी पाहणी करायलासुद्धा मालकांना कोर्टाची पायरी चढावी लागली.

अशा प्रसंगी मालकाला विमान पटकन परत मिळावं यासाठी 2001 चा केपटाउन करार आहे. भारत त्यात 2008 मध्ये सामील झाला, पण तो देशाच्या दिवाळखोरी कायद्यावर कुरघोडी करू शकतो असा कायदा आपण केला नव्हता. ऑक्टोबर 2023 मध्ये सरकारने अधिसूचना काढून विमानांना त्या संरक्षणातून वगळलं. 26 एप्रिल 2024 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने डीजीसीएला गो फर्स्टच्या 54 विमानांची नोंदणी कामकाजाच्या पाच दिवसांत रद्द करायला सांगितलं, तेव्हा कुठे मालकांची सुटका झाली. त्यांना लागलेलं वर्ष आपल्यालाही भोवतं. ज्या देशात विमान अडकायची भीती जास्त तिथे भाडं जास्त, आणि ते शेवटी तिकिटात येतं. 2025 मध्ये संसदेने केपटाउन कराराला कायद्याचं बळ देणारा स्वतंत्र कायदा केला तो याचसाठी.

काही झालं तर भांडायचं कोणाशी?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि त्याचं उत्तर सुदैवाने साधं आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासाला 1999 चा माँट्रियल करार लागू होतो. भारत त्यात 2009 पासून आहे. तो दोन प्रकारचे वाहक मानतो: ज्याने तुमच्याशी करार केला, म्हणजे तिकीट विकलं, आणि ज्याने प्रत्यक्ष विमान चालवलं. पहिला पूर्ण प्रवासाला जबाबदार असतो, दुसरा त्याने चालवलेल्या भागाला. दावा यांच्यापैकी एकावर किंवा दोघांवरही करता येतो, आणि एकाला दिलेली नोटीस दुसऱ्याला दिल्यासारखीच मानली जाते. ‘विमान आमचं नव्हतं’ हे उत्तर तिकीट विकणाऱ्याला देता येत नाही. बॅग हरवली, विमान रद्द झालं, तरी पहिला अर्ज तिकिटावरच्या कंपनीकडेच करायचा. ओस्लोचा किंवा इस्तंबूलचा पत्ता शोधत बसायची गरज नाही.

तिकीट काढताना ‘अमुक कंपनीद्वारा संचालित’ अशी ओळ बारीक अक्षरात दिसते, ती वाचावी. आसनं, जेवण, मनोरंजनाचा पडदा हे नेहमीपेक्षा वेगळं असण्याचं कारण तिथे असतं. ती ओळ नसताना ऐनवेळी विमान बदलून भाड्याचं आलं, असंही होतं. इंजिन बंद पडल्यावर कंपनी मिळेल ते विमान आणते. अशा वेळी बोर्डिंग पासचा फोटो आणि विमानावरचा नोंदणी क्रमांक जपून ठेवावा. तक्रार करताना ‘तुमचं विमान’ असं मोघम लिहिण्याऐवजी तो क्रमांक लिहिला की कंपनीच्या ग्राहक सेवेला टोलवाटोलवी करायला जागा उरत नाही.